तुमचं उंदीरघर

सर, प्राण्यांवरच्या प्रयोगांना परवानगी देणाऱ्या आपल्या कॉलेजच्या समितीत आज आपलं उंदीरघर बंद करायचं ठरलं. ठराव मीच मांडला. दुसऱ्या कुणाकडून हे तुमच्या कानावर जायची आता सोय नाही, तरी ते आधी मी सांगावं असं वाटलं, म्हणून कॉलेजातून आल्या आल्या लिहायला बसले.

औषधशास्त्राच्या प्रयोगशाळेमागची ती खोली तुम्ही भांडून मिळवली होतीत. एप्रिलमध्ये सगळं कॉलेज भाजून निघायचं आणि कूलर फक्त पांढऱ्या उंदरांना. ऑफिसातले लोक टोमणा मारायचे, की पुढच्या जन्मी सरांकडे उंदीर होऊनच यायला पाहिजे. तुम्ही म्हणायचात, "या की. पण परत जायचं न्हाय हं." माळशिरसकडे मेंढरं राखणाऱ्या घरातून तुम्ही आलेले, मजेत असलात की गावची बोली आपोआप बाहेर यायची. उंदीरसुद्धा कोकरू उचलावं तसा उचलायचात, छातीशी धरून, आणि तो चावायचा नाही. आम्हाला चावायचा.

मी तेव्हा तिसऱ्या वर्षाला होते. एखादा पदार्थ एकदाच पोटात गेला तर किती घातक ठरतो, ते काढायचं प्रात्यक्षिक चालू होतं. उंदरांचे गट करायचे, दर गटाला आधीच्यापेक्षा जास्त मात्रा पाजायची आणि कोणत्या मात्रेला निम्मे मरतात ते शोधायचं. उंदरांना दाणापाणी करणारे मामा दारात उभे राहून बघत होते. ते म्हणाले, "ह्यातली निम्मी कुटली ते आदी सांगा की सर, त्येंना वायच जादा खायला घालतो." आम्ही सगळे हसलो. तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, "ते आधी कळलं असतं मामा, तर एकालाही पाजलं नसतं."

त्याच आठवड्यात मी जर्नलमध्ये 'प्राणी सॅक्रिफाइस केले' असं लिहिलं. पुस्तकात तसंच होतं. तुम्ही तो शब्द खोडलात आणि सगळ्या वर्गासमोर म्हणालात, "बळी आमच्याकडं देवाला देतात. तिथं निदान देव तरी असतो. हितं तू मारलंस. मारलं असं लिही, आणि कशासाठी ते खाली लिही." मला राग आला होता, मारायला लावणारे तुम्हीच होतात. पण तुमच्या जागेवर शिकवायला लागल्यापासून, प्राण्यांवरच्या प्रयोगाचा कुठलाही अर्ज समोर आला की मी सगळं सोडून आधी तेवढंच वाचते, कशासाठी.

आणि कशासाठी, हे तुम्ही आम्हाला दाखवलंही होतंत. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेल रंगवणाऱ्या एका कारखान्यातला कामगार पाणी समजून बाटलीतलं रसायन प्यायला होता. दवाखान्यातून तुम्हाला फोन आला. तास अर्धवट सोडून तुम्ही उभ्या उभ्या सांगत होतात की कितपत गेलं असेल तर जिवाला धोका, आणि लक्ष कशावर ठेवायचं. माणूस वाचला. वर्गात परत येऊन तुम्ही एवढंच म्हणालात की हा आकडा कुठल्यातरी उंदरांकडून आलेला आहे. आज ठराव मांडताना हे मी विसरले नव्हते. उलट तिथूनच सुरुवात केली.

तुमच्यानंतर बरंच बदललं आहे. निम्मे मरेपर्यंत थांबायची पद्धत गेली. जिथे अजून प्राणी लागतात तिथे थोडेच घेतात आणि त्रासाची लक्षणं दिसली की थांबतात. विद्यार्थी प्रात्यक्षिक संगणकावर करतात. मिश्रणातल्या घटकांची माहिती आधीच असेल तर त्यावरून हिशेब मांडता येतो, काचेच्या ताटलीत वाढवलेल्या पेशींवर पदार्थ घालून बघता येतो. पेशींना यकृत नसतं, मूत्रपिंड नसतं, त्यामुळे सगळंच तिथे कळतं असं मी म्हणणार नाही. पण आपल्याकडे जे अर्ज येत होते त्यांतल्या बहुतेकांना उंदरांची गरज नव्हती. खोली आहे म्हणून अर्ज येत होते.

आजचा अर्जही तसाच होता. टॉवेल मऊ करायचं एक नवं रसायन, त्यातला प्रत्येक घटक जुना, माहितीतला. तो घेऊन बैठकीला आलेला कारखानदार तरुण आहे, घरी तेलुगू बोलतो, माझ्याशी अदबीनं मराठी. मी पेशींचं आणि हिशेबाचं समजावलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मॅडम, तुमच्या पेशी बरोबर असतील. पण आमचा माल घेणारा बायर उंदीर म्हणतोय. बायरला पेशी कोण समजावणार?" मी म्हणाले, मी. बायरला मी लिहीन. त्याला ते पटलं असावं, कारण त्याने बायरचा ईमेल माझ्या वहीत लिहून दिला.

पटलं नाही ते आपल्या जनावरांच्या डॉक्टरांना. तुमचे मित्र, तुमच्यासोबत पहिले पिंजरे लावणारे. त्यांनी मला विचारलं की उद्या कुणी हे प्यायलं आणि दवाखान्यातून फोन आला, तर तू काय सांगणार? प्रश्न रास्त होता. मी म्हणाले, घटकांवरून जे सांगता येईल ते सांगेन, आणि जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणेन. त्यांनी मान हलवली, पण होकाराची नव्हे. प्राचार्य त्यांच्याकडे बघत होते. ठराव पडणार असं मला स्पष्ट दिसलं. तेव्हा मी म्हणाले, "डॉक्टरसाहेब, सर असते तर त्यांनी स्वतःच्या हातानं कुलूप लावलं असतं."

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, आणि हात वर केला. मग सगळ्यांनी केला. राहिलेल्या उंदरांवर आता प्रयोग नाहीत; ते म्हातारे होऊन जातील.

निर्णय बरोबर आहे, सर. तो मी उद्या पुन्हा घेईन, तुमच्यासमोरही घेईन. पण तुम्ही कुलूप लावलं असतंत की त्या दारात उभे राहून माझ्याशी भांडला असतात, हे मला माहीत नाही. माझे मुद्दे डॉक्टरांना पुरे पडत नव्हते, म्हणून मी तुम्हाला माझ्या बाजूला बसवलं. हे खरं तर त्यांना सांगायला हवं. त्यांचा पत्ता आहे, ते वाचतीलही. तरी हे मी तुम्हालाच लिहिते आहे.