बोक्याच्या गळ्यातला पट्टा

प्रिय लंबू,

‘प्रिय’ वाचून लगेच विरघळू नकोस. पत्राची सुरुवात शाळेत अशीच शिकवली होती आणि शाळा मी चौथीतच सोडली, त्यामुळे दुसरी सुरुवात मला येत नाही. येत असती तर तीच केली असती. विषय एकच आहे आणि तो तुला चांगला ठाऊक आहे. माझ्या बोक्याच्या गळ्यात तू पट्टा बांधतोस. तो माझा बोका आहे. त्याला जंत झाले तेव्हा टोपलीत घालून जनावरांच्या दवाखान्यात मी नेलंय, औषध पाजताना त्याने काढलेल्या ओरखड्यांचे वण अजून माझ्या मनगटावर आहेत. तू काय केलंस? माशाचे तुकडे टाकलेस. तेवढ्यावर कुणी कुणाचा मालक होत नाही.

त्याचं नाव मुकादम आहे, हे तुला सांगून ठेवतो. स्वतः काडीचं काम करत नाही, पण सगळ्यांच्या कामावर नजर. सून भांडी घासते तेव्हा ओट्यावर बसून पाहतो. मी खुर्चीचा डुगडुगणारा पाय बसवायला घेतला की चुकांच्या, म्हणजे बारीक खिळ्यांच्या, डबीत पंजा घालून माल बरोबर आहे का बघतो. आणि तू म्हणे त्याला ‘शेठ’ म्हणतोस. सुनेने ऐकलंय. ती मोठ्या रस्त्यापलीकडे, तुझ्या गल्लीतल्या औषधाच्या दुकानात कामाला आहे, तिथून तुझी खिडकी दिसते. मी ज्याला कामाला लावलं त्याला तू गादीवर बसवलंस. तुझी रीतच ती.

आता मांजर घरात ठेवावं की बाहेर सोडावं, यावर तुझं मत मला माहीत आहे, कारण ते तू माझ्या सुनेला ऐकवलंस. माझं मत मी कागदावर देतो. मुकादमाच्या आधी आमच्याकडे एक मांजरी होती. ती आली तीच मोठी होऊन, मोकळं फिरायची सवय घेऊन. एक दिवस गाडीखाली गेली, तिला मी मोठ्या रस्त्यावरून गोणपाटात उचलून आणलं. आपण दुकानात कोचाच्या स्प्रिंगांवर ताणायचो तेच गोणपाट. त्या दिवशी ठरवलं की पुढचं मांजर उंबऱ्याच्या आत. जनावरांची डॉक्टरीणही म्हणाली, “आजोबा, घरातलं मांजर जास्त जगतं.” ती शिकून सांगते, मी गोणपाट उचलून सांगतो. बाहेर गाड्या आहेत, कुत्री आहेत, उंदरांसाठी घातलेलं विष आहे, आणि आता तू आहेस.

मी काय हातावर हात ठेवून बसलो होतो असं समजू नकोस. न्हाणीघराच्या झरोक्याची एक काच फुटली होती, तिथे मी नवार ताणून विणली. खुर्चीची बैठक विणतो तशी, एक पट्टी वर, एक खाली. माणूस बसला असता तरी झोळ पडला नसता. मुकादमाने कोपऱ्यातल्या चुका नखांनी उकरून सैल केल्या, पट्टी बाजूला सारली आणि गेला. मी दिवसभर खिडकीशी. जेवलो नाही. ब्रेक कुठे वाजला की वाकून खाली बघायचो. सून म्हणत होती, “बाबा, येईल तो.” संध्याकाळी आला तो गळ्यात लाल रेक्झिनचा पट्टा आणि घुंगरू लावून, लग्नाला जाऊन आल्यासारखा.

पट्टा सोडवून उलटा करून पाहिला. दुहेरी टाका, मेण लावलेला दोरा, टाक्याला टाका मापात, आणि गाठ कुठेच नाही. गाठ दोन थरांच्या आत ओढून घेतलेली. सून म्हणाली, “बाजारातला असेल.” मी म्हटलं, “बाजाराला गाठ लपवता येत नाही. हे लंबूचं काम आहे.” ती म्हणाली, “कोण लंबू?” ऐकलंस? ही मुलगी या घरात आली, नांदली, तिची मुलं शाळेत जायला लागली, आणि विचारते, कोण लंबू. इतकी वर्षं तुझं नाव या घरात मी निघू दिलं नव्हतं. ते एका बोक्याने काढायला लावलं.

मग तिला सगळं सांगावं लागलं. खुर्च्या-कोच भरणाऱ्या उस्तादांच्या हाताखाली आपण दोघं एकाच वर्षी लागलो, तू शिडीसारखा उंच आणि मी सगळ्याला घाबरणारा, म्हणून तूच माझं नाव चिंतोपंत ठेवलंस, हे सांगितलं. उस्तादांनी शेवटी ती वाकडी सुई आपल्या दोघांत एक दिली, आणि म्हणाले, गाठ बाहेर राहिली तर गिऱ्हाइकाला नाही टोचली तरी चालेल, तुम्हाला टोचली पाहिजे, हेही सांगितलं. आणि मग तू काय केलंस ते सांगितलं. आपल्या दोघांच्या दुकानाला नाटकगृहाच्या खुर्च्यांचं काम आलं. त्या खुर्च्या जमिनीत पक्क्या केलेल्या, म्हणजे आपणच तिकडे जाऊन अंधाऱ्या हॉलमध्ये गुडघ्यांवर बसून काम करायचं. मी म्हटलं, गिऱ्हाईक दुकानात येतं, दुकान गिऱ्हाइकाकडे जात नाही. काय चूक म्हणालो? तू चार गिऱ्हाइकांसमोर म्हणालास, “खुर्च्यांत काथ्या भरता भरता हा आतून काथ्याच झालाय.” आणि गेलास. गेलास तो गेलास, वाकडी सुई घेऊन गेलास. त्यानंतर मी सगळी खुर्ची-कोचांची कामं सरळ सुईने केली, लंबू. कोचाची पाठ सरळ सुईने बंद करताना बोटांची काय गत होते हे तुला सांगायला नको. प्रत्येक टोचण्याला तुझं नाव घ्यायचो. मनात.

सून हसायला लागली. म्हणाली, “म्हणजे हे सगळं मांजरावरून नाहीच.” मी तिला म्हटलं, मांजरावरूनच आहे, तू मध्ये पडू नकोस.

त्या घुंगराचं तर मला हसू आलं होतं. घुंगरू कशाला, तर चिमण्यांना आधी कळावं. चिमण्यांची एवढी काळजी तर बोक्याला बाहेर बोलावतोस कशाला? मी घुंगरू कापून टाकलं. तो परत निसटला आणि नवं घुंगरू घेऊन आला, या वेळी दोन्हीकडून शिवलेलं. मी पट्टाच उसवला आणि माझा निळा बांधला, सरळ सुईने शिवलेला. तू माझा निळा तसाच ठेवलास आणि त्याच्यावरून तुझं लाल शिवलंस. ही तुझी जुनी खोड. माझ्या कामावर रागही धरायचा नाही, नुसतं वरून सुधारून ठेवायचं. आणि बोका दोन घरची जेवणं जेवून एवढा सुटला की झरोक्यात अर्धा अडकला. त्याला मागून ढकलून बाहेर काढायची पाळी माझ्यावर आली. आतून बाहेर, लंबू! ज्या भोकातून त्याने जाऊ नये म्हणून मी नवार विणली, त्यातून मीच त्याला ढकलत होतो. आणि घरात शिरायला मात्र तो सुनेच्या मागून दारातून येतो, पाहुण्यासारखा.

तू सुनेला म्हणालास, “मांजराला रस्ता कळू दे, मग ते आपणहून परत येतं.” आणि पुढे म्हणालास, “चिंतोपंताला विचार, चार भिंतींत मुकादमी करणार तरी कुणावर?” हे दुसरं वाक्य तिने मला लगेच सांगितलं नाही, दोन दिवस पोटात ठेवलं. तिलाही आता तुझी बाजू पटायला लागली आहे. म्हणते, “तुम्ही त्याला कोंडता आणि स्वतःलाही कोंडून घेता.” जिन्यात पडल्यापासून मी खाली उतरत नाही, हे खरं आहे. पण मला कुणी उंबऱ्याबाहेर माशाचे तुकडे ठेवून बोलावत नाही ना.

एकदा तुझ्या दारी आलो होतो. तुझी बायको, माझ्या वहिनी, गेल्या तेव्हा. पडण्याच्या आधीची गोष्ट. मोठा रस्ता ओलांडून आलो होतो, मागे भिंतीशी उभा होतो. तू पाहिलंस. पाहिलंस आणि मान फिरवलीस. त्या बाईने आपल्या दुकानात कित्येक वर्षं दुपारचे दोन डबे पाठवले, एक तुझा, एक माझा, आणि तुझ्यापेक्षा माझ्यात भाजी जास्त असायची यावरून तू कुरकुरायचास. तिच्यासाठी मी आलो होतो, तुझ्यासाठी नव्हे. तरी मान फिरवायची काय गरज होती? हा राग मी अजून कुणाला बोललो नव्हतो. आता तुला कळला, बरं झालं.

मागच्या आठवड्यात मी शेवटचा उपाय केला. झरोक्यावर फळी ठोकली, लाकडी, चारी बाजूंनी खिळे. मुकादम दोन दिवस दाराशी बसून राहिला. ओरडला नाही, तेच वाईट. ओरडला असता तर मीही ओरडलो असतो. ताटलीला तोंड लावलं नाही. चुकांची डबी उघडी ठेवली तरी बघायला आला नाही. मी त्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसलो आणि त्याला समजावलं की बाहेर काय काय आहे. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं तू त्या दिवशी दुकानात पाहिलं होतंस. मला त्याचा राग आला, तुझाही आला. तिसऱ्या दिवशी सून भाजीच्या पिशव्या घेऊन दारातून आत येत होती, हा तिच्या पायांतून निसटला. मी जिन्यापर्यंत धावलो. कठड्याला धरून उभा राहिलो. पुढे पाय उचलला नाही.

काल तो परत आला. गळ्यात नवा पट्टा, तपकिरी. मी कात्री हातात घेऊनच बसलो होतो. पट्टा उलटा केला आणि वाटलं, हे कुणा पोराने शिवलंय. एक टाका इकडे, एक तिकडे, मध्ये बोट जाईल एवढी फट. एका ठिकाणी सुई चार वेळा त्याच भोकाशेजारी घुसलेली. दोऱ्यावर तपकिरी डाग, तो रेक्झिनचा नव्हे, टोचलेल्या बोटाचा. आणि गाठ बाहेर. चांगली मोठी, एकावर एक दोनदा मारलेली, कारण पहिली बसली नसणार. पण टाका दुहेरी होता, लंबू. चुकत चुकत का होईना, दुहेरीच घातलेला. मी तो पट्टा खिडकीशी नेऊन पुन्हा पुन्हा पाहिला. सुनेला विचारलं, ते आजोबा हल्ली कसे दिसतात? ती म्हणाली, “गेले काही दिवस खिडकी अर्धीच उघडी असते. सुटे पैसे देताना हात थरथरत होते. डोळ्यांचं काही औषध नेतात.” मी तिच्यावर ओरडलो, हे आधी का नाही सांगितलंस? ती म्हणाली, “तुम्ही फक्त मांजराबद्दल विचारत होता.”

तेव्हा मी हे का लिहितोय ते ऐक. तू गाठ बाहेर ठेवलीस आणि मला रात्रभर ती टोचते आहे. तुझ्या सुईत दोरा कोण ओवून देतं? कुणी नाही ना? मग सांगितलं का नाहीस, गाढवा? बोक्याकरवी माझी थट्टा पाठवता येते, एवढा निरोप पाठवता आला नाही? हा पट्टा मी उसवलेला नाही, त्याच्या गळ्यात तसाच आहे. फळी काढली आहे. मांजर घरातच असावं हे माझं मत कायम आहे आणि यावर तुझ्याशी मला तोंडावर भांडायचं आहे. सून हे पत्र तुझ्या खिडकीतून आत टाकेल. उद्या तिची सुट्टी आहे, जिना उतरताना ती मला धरेल, आणि मोठ्या रस्त्याला तुझा शेठ पुढे आणि मी मागे. त्याला रस्ता कळतो असं तूच म्हणतोस, तर बघू. वाकडी सुई शोधून ठेव. दोरा मी ओवतो, टाका तू घाल, गाठ आपण दोघं मिळून आत ओढू. आणि खिडकी नको, दार उघडं ठेव. मी काही बोका नाही.

तुझाच, रागातला,
चिंतोपंत