जावई नसल्याचा दाखला

रुसैल (मस्कतजवळ), ऑगस्ट २०१५

तीर्थरूप मामांस, जावई रमण याचा साष्टांग नमस्कार. (‘जावई’ मुद्दाम दोनदा गिरवलं आहे.) गुडघा कसा आहे? मामींचा खोकला गेला का? इथे नळाच्या थंड पाण्यात चहा होईल असं ऊन आहे. मी खुशाल. म्हणजे, कागदोपत्री मी कुठेच नाही, पण खुशाल.

पत्राचं कारण असं, की फोनवर तुम्ही “कोण रमण? राँग नंबर” म्हणून ठेवून देता. चूक माझीच. सुतार म्हणून आणून अर्बाबाने (म्हणजे मालकाने) मला खाबुऱ्याला बकऱ्या राखायला लावलं, म्हणून मी पळून इथे दरवाजांच्या कारखान्यात आलो. पासपोर्ट त्याच्याच कपाटात राहिला. एजंटची माणसं तुम्हाला छळतील म्हणून सांगितलं, कोणीही विचारलं तरी मला ओळखत नाही म्हणा. लग्नापासून तुम्ही माझं एक अक्षर ऐकलं नव्हतंत (पडवीचा वासा बदला म्हणून किती सांगितलं!), तेव्हा हे नेमकं ऐकाल असं मला स्वप्नातही वाटलं नाही.

यंदा बिनकागदाच्या लोकांना इथे माफी आहे. मुदतीत निघालं तर दंड नाही, तुरुंग नाही. मी निघालो तेव्हा रेवा पोटात होती, आता चार वर्षांची झाली. तिला एकदा बघायचं, बाकी डोक्यात काही नाही. वकिलातीत गेलो. ते म्हणाले, तू आपल्याकडचा आहेस का ते गावी विचारतो. माझं घर बंद, म्हणून पत्ता तुमचा दिला.

पुढचं जयवंतीने फोनवर सांगितलं. पोलीस साध्या कपड्यांत आला. तुम्हाला वाटलं, एजंटचाच माणूस. तुम्ही त्याला कोकम सरबत पाजलंत आणि म्हणालात, आमची मुलगी अजून लग्नाची आहे, चांगलं स्थळ असलं तर सुचवा. (जयवंती मंगळसूत्र घालून शेजारी उभी! तीही गप्प, कारण तिलाही मीच बजावलेलं.) मामींनी देवाची शपथ घेतली. शेजारच्या वसुंधराकाकूंनी साक्षीदार म्हणून सही ठोकली, त्यांना तर कोणी बोलावलंही नव्हतं. अहवाल आला: सदर इसम या गावचा नाही व कधीही नव्हता. वकिलातीतल्या कारकुनाने तो वाचून दाखवला आणि पुढच्याला हाक मारली.

माझ्या खोलीतला झुबेर (दापोलीचा, पेपर फार वाचतो) म्हणतो, युरोपात लक्झेंबर्ग म्हणून एवढासा देश आहे. जो कुठल्याच देशाचा नाही त्याला तिथे कागद मागता येतात, फक्त आपण कुठलेच नाही हे सिद्ध करावं लागतं. ते काम तुम्ही सही-साक्षीनिशी करूनच ठेवलंय. अडचण एवढीच, की अर्ज करायला आधी तिथे पोचायला हवं आणि पोचायला पासपोर्ट हवा. तेव्हा लक्झेंबर्ग खलास.

मामींना नमस्कार. झुबेर सुटीवर गावी निघालाय, पत्र त्याच्या हाती पाठवतोय. त्याला तरी ओळख द्या.

आपला (तुमची हरकत नसल्यास) जावई,
रमण

ता. क. हातापाया पडून चौकशी पुन्हा लावून घेतली आहे. पोलीस परत येईल. लग्नाचा फोटो ट्रंकेतून काढून ठेवा, आणि या वेळी सरबत नाही दिलंत तरी चालेल, पण मला ओळखा. मुदत संपत आली आहे.

आणखी एक. पोलिसाने रेवालाही विचारलं म्हणे, तुझे बाबा कुठे? ती म्हणाली, मला बाबा नाहीत. तुम्ही सगळ्यांनी तिला शाबासकी दिलीत. फोनवर ती मला ‘मस्कतवाले काका’ म्हणते, मीही ‘हं’ म्हणतो. मामा, त्या दिवशी तुम्ही सगळे खोटं बोललात. ती नाही बोलली. पोलिसाचं नंतर बघू, आधी तिला सांगा.