सरळ केलेली रेघ

धुळे, बुधवार संध्याकाळ

काय गरज होती लाल लुगडं दिसलं म्हणायची?

आज पहिल्यांदा धुळ्याहून जळगावपर्यंत एकटीनं विमान नेलं. काल कॉम्प्युटरवर मार्ग आखताना पाचोऱ्याजवळच्या आमच्या गावावर एक बिंदू ठेवला होता. वडिलांना फोनही केला, "नाना, घरावर, धाब्याच्या छतावर आईचं लाल लुगडं अंथरा, मी वरून पंख हलवीन." केवढे खूश झाले! पण सकाळी मार्ग विमान शिकवणाऱ्या सरांना दाखवायची वेळ आली आणि मलाच लाज वाटली. एवढा वळसा कशाला, असं विचारलं तर काय सांगू? घरच्यांना दिसायचंय म्हणून? बिंदू काढून टाकला. रेघ सरळ झाली. सर म्हणाले, "छान." घरी कळवायचं मात्र राहिलं. राहिलं कसलं, टाळलंच मी.

परत उतरल्यावर नानांचा फोन. "तुनं इमान बठ्ठासनी दखं, बेटा!" सगळ्यांनी पाहिलं म्हणे! दुसरंच कुठलं तरी विमान गेलं असेल, असं वाटलं. मग मीही ठोकून दिलं, "लाल लुगडं काय मस्त दिसलं, नाना!"

नाना मग म्हणाले, "हां."

आत्ता आईशी बोलले. "लुगडं वाळेल नव्हतं व माय, म्हनीसन नानानं त्यासनं धोतर आथरं. दुपारभर वाट दखी, इमान काही उनं नही. तुले वाईट वाटी म्हनीसन नाना तसं बोलनात."

पांढरं धोतर, आणि विमान तर आलंच नाही. म्हणजे मी लुगडं म्हटल्याबरोबर नानांना सगळं कळलं. आणि तरी म्हणाले, "हां."