झोळीखालचं पांघरूण

केन क्रीक, नॉर्थ कॅरोलायना
सोमवार, २१ ऑक्टोबर

प्रिय आर्डिथताई,

तू बरी असशील आणि डेटनला अजून थंडी पडली नसेल असं धरून चालते. आई गेल्यापासून तीन वर्षं आपण नाताळच्या कार्डापलीकडे एकमेकींना काही लिहिलेलं नाही, आणि कार्डावरही तू नुसतं नाव लिहितेस. तरी हे पत्र फाडू नकोस. मी एक पराक्रम केलाय आणि तो तुझ्याशिवाय कुणाला कळायचा नाही.

बासष्टाव्या वर्षी मी पाठीवर सामान घेऊन डोंगरात गेले आणि दोन झाडांच्या मध्ये टांगलेल्या झोळीत झोपून आले. हसून घे. झोळी मी शिवली, वरचं पावसाचं छत मी शिवलं, झाडाला गुंडाळायचे पट्टेसुद्धा मीच. आपण शिवायचो तो शर्टांचा कारखाना बंद पडल्यापासून घरचं मशीन धूळ खात होतं. मग शेजारचा होबार्ट, तो पोस्टमन गं, कंबर मोडल्यापासून त्याला जमिनीवर झोपता येईना म्हणून झोळी शिवून मागायला आला. त्याची शिवली, त्याच्या मित्रांच्या शिवल्या. मग वाटलं, जे लोकांना देतो त्यात आपण एकदा तरी झोपून पाहावं.

शनिवारी दुपारी होबार्ट आणि मी रोनच्या डोंगरावर पोचलो. मी ऐटीत पट्टे बांधले, ऐटीत बसले, आणि झोळी खाली खाली जात थेट जमिनीला टेकली. होबार्ट म्हणाला, "ग्लेना, टांगायची असते, पेरायची नसते." शिवण मात्र जराही ताणली नव्हती, हे मी त्याला लगेच दाखवलं. पट्टे हातभर वर घेतल्यावर नीट बसली.

खरी परीक्षा थंडीची. झोळीत वरून कितीही पांघरा, वारा पाठीखालून येतो. पाठीखाली काही घातलं तर ते अंगाच्या भाराने चेपतं, आणि चेपलेल्यात ऊब राहत नाही. म्हणून एक पांघरूण झोळीच्या बाहेरून, खाली टांगतात. ते मी शिवलं होतं. चोवीस कप्पे, एकेक कप्पा स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून भरलेला. कशाने भरला ते पुढे लिहिते.

शेजारी शहरातलं एक जोडपं उतरलं होतं, सगळं सामान दुकानातलं, कोरं करकरीत. आम्ही घेवड्याची आमटी आणि मक्याचा पाव खाल्ला आणि मी उजेड असतानाच आत शिरले. खरं सांगते, पाचावर धारण बसली होती. थंडीने नव्हे. पांघरूण फसलं तर मी काय वाया घालवलंय, ते मला एकटीला माहीत होतं.

सकाळी होबार्ट झोळी हलवत होता. "जिवंत आहेस का? माझ्या बाटलीतल्या पाण्याचा दगड झालाय." छतावर पांढरा थर जमला होता, आणि ताई, माझ्या पाठीला घाम आला होता. ती शहरातली पोरगी असतील नसतील ते कपडे चढवून शेकोटीपाशी कुडकुडत होती. तिने माझ्या पांघरुणात हात घातला तो काढीचना.

"कुठल्या कंपनीचं हो, आजी?"

मी छाती फुगवून म्हटलं, "कंपनी कसली? माझ्या आईच्या पिसांच्या गादीतलं आहे."

बोलून गेले. होबार्टने कॉफीचा पेला खाली ठेवला. "ती तर तू जाळली होतीस ना? कसर लागली म्हणून?"

जाळली नव्हती, ताई. कसरही लागली नव्हती. आईने ती तुझ्या नावाने ठेवली आणि मला राग आला. अकरा वर्षं तिला उठवलं-बसवलं मी, आणि हंसाच्या पिसांची गादी तुला, नाताळात चार दिवस येणारीला. म्हणून ती माळ्यावर दडवली आणि तुला खोटं सांगितलं. फोनवर तू रडलीस, तेव्हा मला बरं वाटलं होतं. हेही लिहून टाकते. पुढे तिच्यावर झोपवेना आणि द्यायला तोंड उरलं नाही. गेल्या हिवाळ्यात ती उसवली आणि मऊ पिसं निवडली. चोराच्या मनात चांदणं. दारावर थाप पडली की मी पिसांवर चादर टाकायचे.

"खोटंसुद्धा पक्कं शिवलंस," होबार्ट म्हणाला. "तीन वर्षं एक टाका उसवला नाही."

डोंगर उतरताना लाज वाटत होती आणि आनंदही होत होता, आणि आनंद जास्त होता. कप्प्यांच्या भिंती कशा घातल्या, पिसं कोपऱ्यात का सरकली नाहीत, हे मला तुलाच सांगायचं होतं. तुझं लग्न होईपर्यंत नऊ वर्षं कारखान्यात माझ्या शेजारच्या मशीनवर तूच होतीस. पण पराक्रम सांगायचा तर चोरी सांगावीच लागते, म्हणून दोन्ही सांगितली.

गादीची दोन पांघरुणं झाली. सोबतच्या पार्सलात दुसरं आहे, आणि एक झोळी. मला हव्या तेवढ्या शिव्या दे, त्या माझ्या हक्काच्या आहेत. पांघरूण परत करायचं असलं तर मात्र टपालाने पाठवू नकोस, स्वतः घेऊन ये. एप्रिलातही रोनवर पाणी गोठतं. माझ्या झाडांपासून सहा पावलांवर तुझ्यासाठी झाडांची एक जोडी मी पाहून ठेवलीय.

शब्दाला खोटी, शिवणीला खरी,
तुझीच धाकटी
ग्लेना