नेऱ्याच्या कागदावरची तिसरी सही

नवीन पनवेल,
शनिवार, ११ फेब्रुवारी १९९५

चि. विनू,

आशीर्वाद नेहमीचेच, पण या खेपेला ते लिहिताना हात आखडला, हे आधीच सांगून टाकते. इकडे सगळे ठीक. तुझ्या भाच्याला, सुशांतला, उरणला नोकरी लागली. सकाळी सहाची बस धरतो, घरी आला की बसमधल्या मासळीच्या वासाबद्दल कुरकुरतो आणि जेवायला पापलेटच मागतो. आई नेऱ्यातच. गुडघा दुखतोय, पण ऐकेल तर ती आई कसली. आंब्याला मोहोर बरा धरलाय.

झाली खुशाली. आता मुद्द्याचं.

नेऱ्याच्या जागेसाठी मुंबईची कंपनी मागे लागली आहे, हे मी तुला डिसेंबरातच कळवलं होतं. घर, विहीर, आंबे, थेट डोंगरापर्यंतचा उतार, सगळं त्यांना रिसॉर्टसाठी हवंय. त्यांचा माणूस देवेश तीनदा गाडी घेऊन आला. आईला घर सोडावं लागणार नाही, म्हणाला. घर आहे तसं ठेवतील, पाहुण्यांना जुना स्वयंपाक दाखवायला आईचीच चूल, शिवाय रिसॉर्टचा डॉक्टर हाकेवर. अण्णांच्या मागे जागा आईच्या आणि आपल्या दोघांच्या नावावर, म्हणजे तीन सह्या लागणार. म्हणून तुला विचारलं, काय करू?

वीस वर्षं तू जगाला हेच सांगत आलास. मॉरिशस, मालदीव, बाली. कुठल्या किनाऱ्यावर हॉटेल भरेल आणि कुठलं ओस पडेल, एवढं सांगायला लोक तुला विमानाने नेतात. हॉटेल कसं चाललंय हे मॅनेजरला न विचारता मागच्या बाजूला जाऊन वाळत घातलेल्या चादरी मोजणारा तू. मालक समुद्र दाखवायला लागला की मी आधी पाण्याची टाकी बघतो, असं तूच आईला ऐटीत सांगितलं होतंस. अशा माणसाला बापाच्या जागेबद्दल बोलण्यासारखं काहीच नसावं? मंगळवारी तुझं पत्र आलं. जागेबद्दल चार ओळी, बाकी सगळा सिंगापूरचा उकाडा.

तेव्हापासून मनात पाल चुकचुकत होतीच. बुधवारी देवेश चहा पिता पिता म्हणाला, "मॅडम, आमचे कन्सल्टंट विनायकसाहेबच आहेत ना. रिपोर्ट त्यांचाच आहे." म्हणजे कंपनीचा सल्लागार तू, आणि आमचा विनूही तूच. आम्ही तुला खुशाली लिहीत बसायचं आणि तू तिकडे आपल्याच घराची मोजमापं टाईप करायची. कोणाच्या बाजूने गप्प बसलायस, ते एकदा सांगून टाक.

संशय मला एकटीलाच आहे असं नाही. आईकडे कामाला येणारी रंभा तुला आठवत असेल. कंपनीची माणसं जागा बघायला आली तेव्हा ती तिथेच होती. मला म्हणते, "ताई, हाटेल बांधाचा हाय तं मानसा पानी बघतील. यांनी विहिरीत वाकून पन बघला नाय. डोंगराचं दगड फोडून पिशवीत भरून नेलं." मी तिला गप्प केलं. यातलं तुला काय कळतंय, असंही बोलले.

आईच्या सहीचं काय, ते नंतर लिहिते. आधी तुझ्या त्या चार ओळी जशाच्या तशा तुझ्यापुढे ठेवते, म्हणजे तुलाही कळेल त्या कशा वाटतात. पत्र काढून आणते, थांब.

"जागेबद्दल मला विचारू नकोस, ताई. मला बोलता येणार नाही. तू नीट वाचून काय ते ठरव. कागद माझ्याकडे येतीलच."

रविवार, नेरे

काल एवढं उतरवलं आणि तुझं पत्र उलटलं. वरचं काही खोडत नाही. बहीण तुझ्याबद्दल काय काय मनात आणू शकते, ते तुलाही कळू दे.

कोरा कागद पत्राला वापरायचा नाही, हा अण्णांचा शिरस्ता. शाळेतल्या जुन्या नोटिसांच्या पाठकोऱ्या बाजू जुळवून, दोरा घालून आपल्या वह्या व्हायच्या. तू पंचतारांकित खोल्यांत राहायला लागलास तरी पत्र पाठकोऱ्यावरच लिहितोस, अहवालांच्या रद्द पानांवर, मागच्या मजकुरावर एक तिरकी रेघ ओढून. मी आधी पाठ वाचते आणि मग पत्र, हे तुला ठाऊक आहे. तुझं काम मला कळलं ते असंच. या खेपेला मात्र तुझ्यावर इतकी चिडले होते की पाठ वाचलीच नाही.

या पानावर रेघ नव्हती. गेल्या महिन्यातल्या कंपनीबरोबरच्या बैठकीचं टिपण. सल्लागाराचं मत असं, की नेऱ्याला रिसॉर्ट चालणार नाही. समुद्र लांब, पावसाळ्यात खोल्या रिकाम्या राहतील, उन्हाळ्यात विहीर आटते. कंपनीचा निर्णय असा, की तरीही जागा घ्यावी आणि डोंगर फोडून खडी काढावी. घर पाडावं लागेल. मालकांशी बोलणी रिसॉर्टचीच ठेवावीत.

चार वेळा वाचलं. आधी वाटलं, हा गाढव घाईत भलत्याच गठ्ठ्यातलं पान उचलून बसला. मग वाटलं, रेघ मारायला विसरणारा तू नव्हेस. उघड सांगितलंस तर नोकरी जाते, म्हणून असं सांगितलंस का? की तू माझा धाकटा भाऊ आहेस म्हणून मीच तुझ्या बाजूने काहीतरी जुळवतेय? पान चुकून आलं असेल तर मला तसं कधीही कळवू नकोस.

मी लगेच देवेशला फोन केला. व्यवहार करायचा नाही म्हटलं. तो म्हणाला, सह्या झाल्यावर आता कसलं मागे फिरणं. आणि मग, तुम्हाला कोणी काही सांगितलं का, हे तीनदा विचारलं. तुमच्या माणसांना दगड नेताना रंभाने पाहिलं, एवढंच मी सांगितलं. तुझं नाव घेतलं नाही.

सह्या झाल्यावर, हे तू वाचलंस. कालपासून हेच लिहायचं टाळते आहे. माझी आणि आईची सही गुरुवारीच झाली. देवेशने कागद कुरियरने तुझ्या ऑफिसला धाडलेसुद्धा. आईला मी सांगितलं, विजेच्या मीटरचा अर्ज आहे.

तुझ्या रागात केलं असं म्हणणं सोपं आहे, पण ते खरं नाही. रिपोर्ट तुझा म्हणजे हॉटेल होणार, हे सोयीचं तेवढं मी उचललं. अण्णा गेल्यापासून सहा वर्षं दर शनिवारी शाळेत शिकवून सुटले की मी नेऱ्याची बस धरते. औषधं, रॉकेल, पीठ. मला कंटाळा आलाय, विनू. डॉक्टर हाकेवर म्हटल्यावर पुढचं मला ऐकायचंच नव्हतं. काल शनिवार असून आले नाही, कारण आईला तोंड दाखवायची लाज वाटत होती.

आज सकाळी येऊन तिला सगळं सांगितलं. ती वाल सोलत होती. हात थांबला नाही तिचा. म्हणाली, "मीटरचा अर्ज सात पानी नसतो, सुमे. मी वाचला होता."

मग सही का केलीस, विचारलं.

"दर शनिवारी बसमधून उतरतेस तेव्हा तुझा चेहरा बघते मी. म्हटलं, सुटेल पोरगी."

एक्कावन्न वर्षांची बाई मी, तिथेच पडवीत बसून रडले. रंभाने पाणी आणून दिलं. तिची माफी मागितली, तर तिला कशाबद्दल तेच कळेना.

तुझ्या ऑफिसलाही फोन केला होता. साहेब बालीला गेलेत, बावीसला येतील, असं तिथली मुलगी म्हणाली. म्हणजे कंपनीचं पाकीट आणि हे पत्र तुझ्या टेबलावर शेजारीशेजारी पडलेलं असेल. सही नाही केलीस तर रंभाचे दगड त्यांना किती दिवस पटतील? संशय तुझ्यावरच येणार, आणि मग पुन्हा कोणी तुला कुठल्या बेटावर नेणार नाही. सही केलीस तर आई एका शब्दाने बोलणार नाही. मी तिला पनवेलला माझ्या घरी आणीन. ती मागच्या खोलीत राहील, वरण बरं झालंय म्हणेल आणि फार दिवस काढणार नाही.

जन्मभर तुला हुकूम सोडत आले. आज तो हक्क माझ्याकडे उरलेला नाही, कारण माझं नाव त्या कागदावर तुझ्याआधी लागलंय. तरीही सांगते. सही करू नकोस.

आईला म्हटलं, तूही दोन ओळी लिही. ती म्हणाली, "त्याची वीस वर्षं आहेत ती. मी काय लिहू?"

तुझं नुकसान तुझ्याकडेच मागणारी,
ताई