सहाशे तीस वर्षांचा हेडमास्तर

उमरगा, मंगळवार, १२ जून १९६२

आलं एकदाचं पत्र! तीन महिने पोस्टमनची सायकल दिसली की हातातलं काम टाकून बाहेर यायचो. इथिओपियातल्या शाळेत माझी निवड झाली. खाली फक्त एक ओळ होती, 'जन्मसाल दुरुस्त करून कळवावे.'

अर्जाची नक्कल काढून पाहिली. जन्मसाल १३३२! माझा दाखला निजामाच्या वेळचा, त्यावर फसली साल आहे, इसवीपेक्षा ५९० वर्षांनी मागचं, तेच मी जसंच्या तसं उतरवलं. म्हणजे आज माझं वय सहाशे तीस. सहा वर्षं हेडमास्तर म्हणून पोरांच्या दाखल्यांवरची फसली सालं इसवीत करून दिली, कारकुनाची एक चूक खपवून घेतली नाही, आणि स्वतःच्या अर्जात हे? तरी त्या भल्या माणसांनी एका ओळीत भागवलं.

तिथं मी हेडमास्तर नसणार, साधा गणिताचा शिक्षक. त्याचं वाईट वाटेल असं धरून चाललो होतो. पण पत्र वाचताना आधी मनात काय आलं? की आता शाळेच्या गळक्या पत्र्यांसाठी कुणाच्या दारात उभं राहायला नको. घंटा झाली की खडू घ्यायचा आणि वर्गात जायचं. बस्स.

मालती भाकरी थापत होती. तिला ते १३३२ दाखवलं. मला वाटलं हसेल.

"सहाशे तीस व्हय?" ती म्हणाली. "त्या खुर्चीत बसल्यापासनं तुमी दिसताय तेवढेच." मग भाकरी उलटत म्हणाली, "चला तिकडं. परत चाळीसचे व्हा."