जुन्या मशीनला नवा गॅस

१ मार्च २०२६, रविवार

गेले एकदाची. आठवडाभर नको-नको म्हणत होते.

परळच्या एका शाळेचा हॉल. समोर वीसेक एसी मेकॅनिक — लालबाग, शिवडी, रे रोडचे, काही पन्नाशीचेसुद्धा. आयटीआयमधल्या शिकवण्यातून रिटायर झाल्यावर तीन वर्षांनी हातात खडू घेतला. वर्ग भरवणाऱ्या संस्थेचा सौमित्र म्हणाला, "कौसल्याताई, सोपं करून सांगा. करार म्हटलं की लोक झोपतात."

सोपं करून सांगितलं. एसीतला गॅस बाहेर सुटला की पृथ्वी तापवतो, गाड्यांच्या धुरापेक्षा कितीतरी पटीनं. म्हणून देशादेशांनी ठरवलं, हे गॅस हळूहळू कमी करायचे. भारतानंही २०२१ला ते मान्य केलं. २०२८पासून वापराला मर्यादा, पुढे ती खाली खाली येत जाणार. मागच्या बाकावरून एक जण म्हणाला, "मान्य दिल्लीत केलं मॅडम, पण शिडीवर आम्हीच चढणार ना?"

सगळे हसले. मीही. नाव रामजी परब, राहणार लालबाग.

घरी आल्यावर घसा दुखत होता. बरं वाटलं.

५ मार्च

लिफ्टमध्ये कांता भेटली. बीडीडी चाळीत एकाच नळावर तीस वर्षं भांडलो आम्ही. आता दोघींनाही टॉवरमध्ये घर मिळालंय. "बरं आहे ना?" "बरं आहे." मग दोघी मजल्यांच्या आकड्यांकडे बघत राहिलो. तिचा अकरावा आला, उतरली.

मानसीला बंगलोरला फोन केला. "आई, मीटिंगमध्ये आहे, नंतर करते." केला नाही. तिचंही खरं आहे. पण हे होते तेव्हा निदान टीव्हीच्या आवाजावरून तरी वाद व्हायचा.

८ मार्च, रविवार

वर्ग संपल्यावर रामजी थांबले. टपरीवर चहा घेतला. चाळीस वर्षं एसी, फ्रीज दुरुस्त करतायत. बायको सुंदराबाई, मुलगा पुण्याला. म्हणाले, "आमका कोणी शिकवलाच नाय मॅडम. बघून बघून शिकलंव. गॅस काढूचो म्हणजे खिडकीतून सोडून देऊचो, इतक्याच ठाऊक." मग जरा वेळानं — "किती सोडलो असतलो मी, देवाक ठाऊक."

मी म्हटलं, सगळ्यांनीच सोडला. माझ्या आयटीआयमध्येही सोडायचो.

तिथून वरळीला घरापर्यंत चालत आले.

१५ मार्च, रविवार

आज वर्ग रंगला. प्रोपेनचा धडा. काही नव्या एसींत तो असतो. पृथ्वीला त्याचा त्रास जवळजवळ नाहीच. मग मी ओझोनच्या थराला पडलेल्या छिद्राचं सांगितलं, त्या वेळीही देशांनी मिळून गॅस बंद केले आणि आता ते छिद्र भरून येतंय. माणसं अशी ऐकत होती! कोणी फोन बघत नव्हतं. मी बोलत गेले. शेवटी शिपाई येऊन चाव्या वाजवायला लागला.

अर्धा धडा राहिला. प्रोपेन पेट घेतो, जपून, एवढं सांगितलं. जुन्या मशीनमध्ये तो का भरायचा नाही, ते पुढच्या वेळी. पुढच्या रविवारी शाळेत परीक्षा, हॉल नाही. म्हणजे एकोणतीसला.

२२ मार्च, रविवार

आज वर्ग नाही. दादरला गेले, काही घ्यायचं नव्हतं. एक झाडू घेतला.

२६ मार्च

दुपारी स्वप्नीलचा फोन. वर्गातला, शिवडीचा. "मॅडम, रामजीकाका भाजले."

गिरगावात कुणाकडे तरी जुना एसी. त्याचा गॅस आता महाग, मिळतही नाही धड. रामजींनी त्यात प्रोपेन भरला. दुसऱ्या दिवशी थंड होईना म्हणून परत बोलावलं. पाइपच्या जोडातून गळत होतं. तो बुजवायला बर्नरनं जोड तापवायला घेतला आणि भडका उडाला. घरातली माणसं दुसऱ्या खोलीत होती, ती वाचली.

"ते म्हणत होते, मॅडमनी सांगितलाय हा गॅस चांगला," असं स्वप्नील म्हणाला. तक्रारीच्या सुरात नाही. नुसतं सांगितलं.

२७ मार्च

हॉस्पिटलात गेले. दोन्ही हात कोपरापर्यंत बांधलेले, एका गालावर मलम. मला बघून उठायला लागले.

मी म्हटलं, "रामजी, मी त्या दिवशी पुढचं सांगितलं नाही."

"सांगितलात असतलात. माझाच लक्ष नसतला."

"नव्हतं सांगितलं."

सुंदराबाई उशाशी बसल्या होत्या. एकदा माझ्याकडे बघितलं, मग रामजींना चमच्यानं पाणी पाजत राहिल्या. मी नेलेली मोसंबी स्टुलावर ठेवली आणि निघाले.

२९ मार्च, रविवार

राहिलेला अर्धा धडा शिकवला. वीस मिनिटं लागली. फक्त वीस मिनिटं.

जुनं मशीन या गॅससाठी बनवलेलंच नसतं. त्यातल्या स्विचची ठिणगी उडते. भरायचा नाही म्हणजे नाही. आणि कुठल्याही मशीनचा जोड तापवायचा तर आधी आतला गॅस पूर्ण काढायचा. कोणी काही विचारलं नाही. टपरीवरही कोणी थांबलं नाही.

त्या दिवशी घाई शिपायाला होती, मला नव्हती. ओझोनचं नंतर सांगता आलं असतं. पण माणसं ऐकत होती, आणि घरी जाऊन मला कोणाशी बोलायचं होतं? म्हणून बोलत राहिले. महत्त्वाचं सोडून गोड तेवढं बोलले.

३१ मार्च

सौमित्रचा फोन. आवाज मऊ. "ताई, पोलीस विचारतायत. आपण सांगायचं की हा माणूस आपल्याकडे आलाच नव्हता. तसंही त्याला अजून सर्टिफिकेट मिळालेलं नाही."

"मग त्याचं काय होईल?"

"त्याचं जे व्हायचं ते होईलच. पण वर्ग बंद पडला तर बाकीच्यांचं नुकसान. देशभर हे काम चाललंय ताई. एका माणसापायी..."

सौमित्रचं अगदीच चूक नाही. वर्ग चालायला हवेत. हे लोक शिकले नाहीत तर दिल्लीत मान्य केलेलं तिथेच राहणार.

आणि माझा रविवारही जाईल. तेही मनात आलं. खोटं कशाला लिहू?

१ एप्रिल

मानसीला सांगावंसं वाटलं. फोन लागला, ती म्हणाली, "जेवलीस का?" म्हटलं, जेवले. जेवले नव्हते. बाकीचं राहिलं.

३ एप्रिल

पोलिसांकडे जाऊन आले. हवालदाराला सांगितलं, रामजी परब माझ्या वर्गात होते. एकही रविवार चुकवला नाही. हा गॅस चांगला असं मीच सांगितलं. तो कुठे भरायचा नाही, हे ते भाजल्यानंतर सांगितलं.

हवालदार म्हणाला, "बाई, तुम्ही स्वतःला कशाला गुंतवताय?"

मी म्हटलं, "लिहून घ्या."

बाहेर आले. बसस्टॉपवर बराच वेळ बसून राहिले. सौमित्रला तिथूनच फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "आता तुम्हाला ठेवता येणार नाही, कौसल्याताई." मी म्हटलं, कळतंय.

५ एप्रिल, रविवार

दुपारी झोपले. उठले तेव्हा संध्याकाळ झाली होती.

१४ एप्रिल

जयंती. खाली मैदानात मोठा कार्यक्रम. पांढरी साडी नेसून गेले. बाबासाहेबांच्या फोटोला हात जोडले. कांतानं पुरीभाजीची प्लेट आणून दिली, म्हणाली, "तुझे ते रविवारचे वर्ग कसे चाललेत?" बंद झाले म्हटलं. "बरंच झालं गं, या वयात दगदग कशाला." ती चांगल्या मनानंच म्हणाली. मी अर्धी पुरी खाल्ली. वर आले.

यांच्याशी बोलले थोडं. घरातल्या फोटोशी म्हणजे. हे असते तर म्हणाले असते — केलंस ते बरोबर केलंस, आता रडू नको.

१९ एप्रिल, रविवार

स्वप्नीलला फोन करायला घेतला, ठेवला. काय विचारणार? रामजींचे हात शिडी धरण्याइतके बरे होतील का, हे विचारायचं होतं.

२२ एप्रिल

आज कोणाशीच बोलले नाही.

२६ एप्रिल, रविवार

सकाळी सुंदराबाईंचा फोन. आवाज ओळखला नाही, हॉस्पिटलात त्या एक शब्द बोलल्या नव्हत्या. म्हणाल्या, "ह्येंका घराक सोडल्यानी. तुमच्या वर्गातली माणसां इलीहत, खोलयेत बसाक जागा नाय. तुमी येऊन शिकवा."

मी म्हटलं, "सुंदराबाई, तुम्ही माझ्यावर रागावला नाहीत?"

"रागावलंय तर. म्हणानच बोलवतंय. आता आणखी कोणाचे हात जळूक नको."

लालबागला निघतेय.